लांबीचा प्रश्न वेगळा, गर्दीचा वेगळा

पुण्यात विमानतळाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, लोहगावची धावपट्टी अर्धा किलोमीटर वाढवली की काम झाले, पुरंदरच्या शेतकऱ्यांना कशाला उठवता? दुसरा म्हणतो, पुरंदरला नवा विमानतळ होणारच आहे, मग लोहगाववर आता पैसा का ओतायचा? दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघांच्या बोलण्यात एकच चूक आहे. धावपट्टीची लांबी आणि विमानतळाची क्षमता ही एकच गोष्ट आहे असे दोघेही गृहीत धरतात. ती एक नाही. लांबीवर ठरते एक विमान किती वजन घेऊन किती दूर जाऊ शकेल. तासाला किती विमाने जातील-येतील हे ठरते टॅक्सीवे (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणारे-आणणारे रस्ते), पार्किंगच्या जागा आणि धावपट्टी किती तास मोकळी मिळते यावर. म्हणून लोहगावची छोटी, स्वस्त, कंटाळवाणी वाटणारी कामे आधी आणि लगेच व्हावीत. धावपट्टीची वाढ त्यांच्यासोबत व्हावी, पण तिच्याकडून गर्दी हटण्याची अपेक्षा ठेवू नये. आणि पुरंदर टाळता येणार नाही. म्हणूनच तिथल्या माणसांचा हिशेब आधी चोख झाला पाहिजे.

लोहगावचा तळ १९३९ साली ब्रिटिशांनी उभारला, तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. आजही मालकी हवाई दलाची आहे आणि धावपट्टीही त्यांचीच. सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानांची देशातली पहिली तुकडी २००२ मध्ये इथेच आली. प्रवासी वाहतुकीला आहे तो या लढाऊ तळाच्या कडेचा एक कोपरा. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५२,००० चौरस मीटर, जुन्याच्या दुपटीहून जास्त. चेक-इनचे काउंटर वाढले, सामानाचे पट्टे वाढले, एरोब्रिज वाढले. धावपट्टी मात्र तीच राहिली, २,५३५ मीटरची. घराचा दिवाणखाना दुप्पट केला आणि दाराची चौकट तेवढीच ठेवली, तर पाहुणे दुप्पट वेगाने आत येतात का? वर्षाला एक कोटीच्या घरात गेलेल्या प्रवाशांना आता आत बसायला जागा आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते ज्या विमानाची वाट पाहत बसले आहेत, ते याच एका धावपट्टीवरून येणार आहे.

आता लांबीचे पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. २,५३५ मीटर हा आकडा कागदावर दिसतो तेवढा मोठा नाही. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंचीवर आहे आणि पुण्यातला उन्हाळा कोरडा, तापलेला असतो. उंचीवरची आणि गरम हवा विरळ असते. तिच्यात पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणून विमानाला जास्त धावावे लागते. नियोजनासाठी आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेचा एक ठोकताळा आहे. उंचीच्या दर ३०० मीटरला लांबीची गरज ७ टक्के वाढते, आणि त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा जितके अंश गरम, तितके टक्के आणखी. लोहगावला लावून बघा. उंचीचे सुमारे १४ टक्के. ५९२ मीटरवर प्रमाण तापमान ११ अंश, उन्हाळ्यातले सरासरी कमाल ३७ धरले तर फरक २६ अंशांचा, म्हणजे आणखी २६ टक्के. दोन्ही मिळून गुणक येतो साधारण १.४३. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी लोहगावची २,५३५ मीटरची धावपट्टी, समुद्रकाठच्या थंड दिवशीच्या जेमतेम १,७७० मीटर धावपट्टीइतके काम करते. ही वाढ ३५ टक्क्यांपलीकडे गेली तर ठोकताळ्यावर विसंबू नका, त्या जागेचा स्वतंत्र अभ्यास करा, असे हीच संघटना सांगते. लोहगाव त्या पलीकडेच आहे.

याचा प्रवाशाला काय त्रास? वैमानिकाला वजन उतरवावे लागते. सामानासह एक प्रवासी सरासरी शंभर किलो धरला, तर एक टन म्हणजे दहा प्रवासी. दिल्ली किंवा बंगळूरला जाणाऱ्या विमानात इंधन मुळातच कमी असते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. पाच-सहा तासांच्या प्रवासाला इंधन वाढते, आणि मग जागा रिकाम्या ठेवा, पोटातला माल कमी करा किंवा उड्डाण रात्रीच्या गारव्यात न्या, एवढेच पर्याय उरतात. २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू झाली ती मोजक्या आसनांच्या छोट्या विमानाने. पुण्याच्या वाहन उद्योगात जर्मन कंपन्यांचा एवढा राबता असूनही तिथे मोठे विमान आले नाही, त्यामागे ही धावपट्टी होती.

मग ५०० मीटर वाढवल्यावर काय होईल? तोच गुणक लावला तर ३,०३५ मीटरची धावपट्टी उन्हाळ्याच्या दुपारी सुमारे २,११५ मीटरइतकी होते. एअरबस ए-३२० च्या कुळातल्या विमानांना पूर्ण वजनाने साधारण एवढीच लागते. म्हणजे आखाती देश, आग्नेय आशिया इथली उड्डाणे भरलेल्या विमानाने, भर दुपारीही करता येतील. हा फायदा खरा आहे आणि तो पुण्याला मिळायला हवा. पण ‘लोहगावहून थेट अमेरिका’ हे जे सभांमधून सांगितले जाते, ते या गणितात बसत नाही. २५४ टनांपर्यंत वजन घेणाऱ्या बोइंगच्या ड्रीमलायनर या मोठ्या विमानाला समुद्रसपाटीवरसुद्धा यापेक्षा बरीच लांब धावपट्टी लागते. शिवाय त्याच्या पंखांचा पसारा ६० मीटर, ए-३२० चा ३६ मीटरच्या आत. बाजूचे मोकळे अंतर धरले तर एका मोठ्या विमानाची जागा जवळपास दोन लहान विमानांची जागा खाते. जिथे लहान विमानांनाच उभे राहायला जागा शोधावी लागते, तिथे मोठे विमान आणून गर्दी कमी कशी होणार?

आणि हे ५०० मीटर म्हणजे फक्त ५०० मीटर डांबर नव्हे. धावपट्टी संपल्यावर ६० मीटरची मोकळी पट्टी लागते. तिच्यापुढे विमान घसरून बाहेर गेलेच तर सावरायला २४० मीटर लांब आणि धावपट्टीच्या दुप्पट रुंद असा सुरक्षित पट्टा ठेवणे ही शिफारस आहे. हा पट्टा किती मोलाचा, हे ज्यांना कळायचे त्यांना मंगळूरला २०१० मध्ये आणि कोळिकोडला २०२० मध्ये कळले. दोन्ही टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या आणि टोकांशी खोल उतार असलेल्या धावपट्ट्या, दोन्ही ठिकाणी विमान टोक ओलांडून खाली गेले. मंगळूरला १५८ आणि कोळिकोडला २१ जीव गेले. तेव्हा जागा कमी पडली म्हणून सुरक्षित पट्ट्यातून चार मीटर धावपट्टीत ओढण्याचा मोह कोणाला झाला, तर तो तिथेच थांबवला पाहिजे.

दुसरी बाब उंचीची, आणि ती लोहगाव-वाघोली पट्ट्यातल्या प्रत्येक घरमालकाला माहीत असायला हवी. धावपट्टीच्या टोकापलीकडून एक न दिसणारा उतार आकाशात चढत जातो, दर ५० मीटरला एक मीटर. त्याच्या वर काहीही डोकावता कामा नये, इमारत नको, पाण्याची टाकी नको, मोबाईलचा मनोरा नको. टोक पूर्वेला ५०० मीटर सरकले की हा उतारही ५०० मीटर पुढे सरकतो. म्हणजे आज ज्या प्लॉटवर अमुक उंचीची परवानगी आहे, तिथे ती १० मीटरने कमी होते. १० मीटर म्हणजे तीन मजले. ज्यांनी आधीच बांधले आहे त्यांचे काय? तीन मजले पाडणे कोणाला परवडत नाही, म्हणून उतरण्याची रेषा धावपट्टीच्या आत सरकवतात. मग वाढवलेली लांबी काही दिशेच्या उड्डाणांना मिळते, उतरणाऱ्या विमानांना मिळत नाही. म्हणून प्रत्येक धावपट्टीची चार वेगवेगळी अंतरे जाहीर होतात: उड्डाणासाठी धावण्याचे, उड्डाणासाठी उपलब्ध एकूण, वेग घेऊन पुन्हा थांबण्याचे आणि उतरण्याचे. ‘धावपट्टी ३,०३५ मीटर होणार’ ही घोषणा ऐकली की विचारायचा प्रश्न हा, की कोणत्या दिशेला यातले कोणते अंतर किती?

आता गर्दी. लंडनचे गॅटविक विमानतळ एका वेळी एकच धावपट्टी वापरून २०१९ मध्ये साडेचार कोटींहून जास्त प्रवासी हाताळत होते, गर्दीच्या तासाला ५५ विमाने. तिथली धावपट्टी ३,३१६ मीटर आहे, पण आकडा लांबीने आलेला नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगोत २,८६५ मीटरची एकच धावपट्टी वर्षाला सुमारे अडीच कोटी प्रवासी पेलते. मुंबईत दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणजे काम एकीइतकेच. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथे १,०३२ उड्डाणे-आगमने झाली. लोहगावला रोज होतात साधारण दोनशे. हा पाचपट फरक लांबीतून आलेला नाही, विमान धावपट्टीवर किती सेकंद रेंगाळते यातून आणि धावपट्टी दिवसाचे किती तास मिळते यातून आला आहे.

या सेकंदांचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. विमान उतरते, वेग कमी करते, बाहेर पडते. बाहेर पडायचा टॅक्सीवे तिरका आणि योग्य जागी असेल तर ५० सेकंदांत धावपट्टी मोकळी. टॅक्सीवे टोकापर्यंत जात नसेल, तर विमानाला टोकाशी गोल वळून धावपट्टीवरूनच उलटे यावे लागते. दोन किलोमीटर, सेकंदाला १५ मीटरच्या चालीने, वर वळायला एक मिनिट. सव्वातीन मिनिटे गेली. तेवढ्या वेळात दोन विमाने उतरली असती. उड्डाणाचेही तसेच, पूर्ण लांबी हवी असलेल्या विमानाला टोकापर्यंत चालत जावे लागते. आता विचार करा, धावपट्टी ५०० मीटर वाढवली आणि समांतर टॅक्सीवे मात्र नव्या टोकापर्यंत नेला नाही, तर काय होईल? सर्वात जड विमानाला अर्धा किलोमीटर धावपट्टीवरूनच पुढे जाऊन, वळून, मग उड्डाण करावे लागेल. तेवढा वेळ आकाशात कोणी घिरट्या घालत असेल, जमिनीवर कोणी रांगेत असेल. म्हणजे लांबी वाढवून क्षमता घटेल. आराखड्यातली टॅक्सीवेची रेघ म्हणूनच धावपट्टीच्या रेघेइतकी महत्त्वाची आहे, आणि चर्चेत तिचे नावही कोणी घेत नाही याचे वाईट वाटते.

हवाई दलाबद्दलही सरळ बोलावे. ‘लष्कराने जागा सोडावी’ असे काही उद्योजक आडून सुचवतात. ते चूक आहे. लढाऊ तळ म्हणजे फक्त धावपट्टी नव्हे. हँगर, शस्त्रसाठा, त्याभोवतीचे संरक्षित अंतर, राहण्याच्या वसाहती, सगळेच हलवावे लागते. शिवाय देशाचा तळ शहराने गिळला म्हणून तळानेच जावे, हा न्याय कुठला? पण जे तळ सोडणार नाहीत त्यांच्यासोबत राहायचे, तर त्यांच्या सरावाच्या वेळा प्रवासी वाहतुकीला मिळणार नाहीत हेही मान्य करायला हवे. एखाद्या लढाऊ विमानाचे टायर धावपट्टीवर फुटले तर ते हटेपर्यंत सगळेच थांबणार. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या सरावामुळे आठवड्यातल्या बहुतेक सकाळी प्रवासी विमानांना मिळत नसत. तिथे वर्षानुवर्षे वाद झाले, दाबोळीच पुरे असे म्हणणारेही होते, आणि शेवटी जानेवारी २०२३ पासून मोपाचे नवे विमानतळ सुरू झाले तेव्हा कोंडी फुटली. मोपाच्या जमिनीबद्दलच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण दाबोळीत सकाळचे तास कुठून आणणार होते?

लोहगाव पुरे म्हणणाऱ्यांचे सर्वात वजनदार मुद्दे मान्य केलेच पाहिजेत. विमानतळ शहरात आहे. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत येते, तिथून टर्मिनल जवळ. पुरंदरला जायचे तर दिवेघाट किंवा बोपदेव घाट चढायचा, आणि कोथरूडहून निघालेल्या माणसाला विमानाच्या तासाभराच्या प्रवासासाठी रस्त्यावर दीड तास घालवावा लागेल. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे, ३,७०० मीटरच्या धावपट्टीसह. लांब पल्ल्याच्या विमानांसाठी पुणेकर आजवर मुंबईला जातच होते, आता त्यांना निदान खाडी ओलांडावी लागणार नाही. म्हणजे अमेरिका-युरोपच्या प्रवाशाची सोय बरीचशी झालीच. हा युक्तिवाद मला खोडता येत नाही, आणि पुरंदरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘थेट न्यूयॉर्क’ हे गाजर दाखवणे त्यामुळेच थांबवावे.

पण पुरंदरची गरज परदेशी विमानांसाठी मुळात नव्हतीच. ती पर्यायासाठी आहे. ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीच्या डांबरीकरणासाठी लोहगाव रात्री आठ ते सकाळी आठ बंद होते, जवळपास वर्षभर. मग १६ ते २९ ऑक्टोबर २०२१, सलग १४ दिवस ते पूर्ण बंद राहिले. दसऱ्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर, अख्ख्या पुण्याला एकही विमान नाही. डांबराचा थर काही वर्षांनी पुन्हा घालावाच लागतो, त्यात कोणाचा दोष नाही. तेव्हा महासाथीमुळे प्रवासी कमी होते, म्हणून निभावले. पुढच्या वेळी वर्षाला कोटभर माणसे कुठे जाणार? जुहूचा तळ १९३० च्या दशकात पावसाळ्यात चिखलात जायचा, तेव्हा टाटांची टपाल विमाने, वैमानिक, मेकॅनिक असे सगळे बिऱ्हाड पुण्यात येरवडा तुरुंगाजवळच्या एका मैदानावर यायचे. दोन विमानांच्या कंपनीलाही दुसरी जागा लागत होती, आणि ती तिला पुण्याने दिली. आज पुण्यालाच दुसरी जागा नाही.

‘पुरंदर होणारच, मग लोहगाववर खर्च कशाला’ म्हणणाऱ्यांनी नवी मुंबईकडे पाहावे. कल्पना १९९७ ची, पायाभरणी २०१८ मध्ये, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. अठ्ठावीस वर्षे. पुण्याच्या नव्या विमानतळाचे घोडे आधी चाकण-राजगुरुनगरकडे फिरले, तिथे अडले, २०१६ मध्ये पुरंदर ठरले, आणि त्यानंतरही वर्षे मोजणीत, नकाशात आणि आंदोलनात गेली. तोपर्यंत सगळा भार लोहगावच वाहणार. समांतर टॅक्सीवे, झटपट बाहेर पडण्याचे तिरके मार्ग, चार-सहा जास्तीच्या पार्किंगच्या जागा, रामवाडीहून टर्मिनलपर्यंत दर काही मिनिटांनी बस, ही कामे लांबीपेक्षा कमी जमिनीत होतात आणि पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात. ती पुरंदरची वाट पाहत अडवून ठेवणे म्हणजे प्रवाशांना विनाकारण शिक्षा आहे.

उरतो सगळ्यात अवघड प्रश्न, जमिनीचा. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावे. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचे गाव. मे २०२५ मध्ये मोजणीचे ड्रोन उडाले तेव्हा इथे लोक रस्त्यावर आले, लाठीमार झाला. नंतर क्षेत्र कमी करण्यात आले, आधीच्या सुमारे २,८०० हेक्टरवरून निम्म्याच्याही खाली. जर एवढे क्षेत्र पुरणार होते, तर नऊ वर्षे दुप्पट जमिनीवर टांगती तलवार का ठेवली? विहीर काढावी की नाही, बाग लावावी की नाही, मुलीच्या लग्नाला कर्ज कशावर काढावे, हे नऊ वर्षे न ठरवता येणे, याची भरपाई कोणत्या तक्त्यात आहे?

जपानने हा धडा महागात घेतला आहे. टोकियोजवळच्या नारिता विमानतळाची जागा १९६६ मध्ये शेतकऱ्यांना न विचारता ठरवली. बारा वर्षे रक्तरंजित संघर्ष चालला. १९७८ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले. १९९५ मध्ये पंतप्रधानांना माफी मागावी लागली. आणि दुसरी धावपट्टी? ती २००२ मध्ये सुरू झाली ती २,१८० मीटरची, कारण उरलेली जमीन शेतकऱ्यांनी दिलीच नाही. मोठी विमाने तिच्यावर येऊ शकत नव्हती. २००९ मध्ये ती कशीबशी २,५०० मीटर झाली, विरुद्ध बाजूला वाढवून. जगातल्या सर्वात श्रीमंत देशांपैकी एकाला धावपट्टीची लांबी अखेर शेतकऱ्याच्या होकारानेच मोजावी लागली.

नवी मुंबईत दहा गावे उठली, पण तिथे जमिनीच्या बदल्यात २२.५ टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र ठरले. तेही सहजासहजी नाही, दि. बा. पाटलांसारख्यांनी उभ्या केलेल्या लढ्याच्या जोरावर. पुरंदरला किमान तेवढे सूत्र हवे, आणि त्याखेरीज झाडांचा वेगळा हिशेब. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विमानतळ जाहीर झाला त्याच वर्षी. अंजीर झाडावरच पिकते, तोडल्यावर पिकत नाही. म्हणून पहाटे उठून, एकेक फळ बोटांनी दाबून पाहून, देठासकट काढावे लागते. पाने अंथरून करंडीत भरले की त्याच दिवशी बाजार गाठावा लागतो. नवे झाड धरायला दोन-तीन वर्षे, भरात यायला आणखी काही, आणि मग वर्षानुवर्षे ते घर चालवते. जमिनीच्या दराच्या चौपट पैसे देताना या झाडाची एकदाची किंमत लावून मोकळे होता येणार नाही. नवी बाग दुसरीकडे उभी राहून पहिला पूर्ण बहार हाती येईपर्यंत, दर वर्षी, त्या बागेचे उत्पन्न त्या घरात गेले पाहिजे. आणि ते ताबा घेण्याआधी करारात लिहून.